एक तार जिवंत

"विझला?"

आवाज तळघरातून यायचा, पायांखालच्या फळ्यांतून. मी आठ-नऊ वर्षांची. नजर भिंतीवरच्या दिव्याला चिकटलेली. खाली ब्रेकरच्या पेटीपाशी पापा एकेक दांडी पाडायचे आणि वरून मी उत्तर द्यायचं.

"नाही विझला."

"आता?"

"विझला."

"विझला?"

"विझला, पापा."

दोनदा विचारायचे. दोनदा उत्तर आल्याशिवाय तारेला हात लावायचे नाहीत. नाताळात घर माणसांनी भरलं की गाणंही ते तसंच म्हणायचे. टाचेनं ताल धरून एक ओळ ते सोडायचे, तीच ओळ सगळ्यांनी परतवायची.

नदी गोठली काठाकाठानं,
दिवा हलतो कुणाच्या हातानं...

मला तेव्हा वाटायचं, वीज म्हणजे असंच एक गाणं असणार. खालून कुणी म्हणायचं, वरून कुणी झेलायचं.

माझे वडील फिलेमों हे सेंत-ओलँप गावचे वायरमन होते. गावातल्या निम्म्या घरांतल्या लाकडाच्या शेगड्या काढून त्यांनी भिंतीच्या पायथ्याशी विजेचे लांब हीटर बसवले, खोलीखोलीत एकेक थर्मोस्टॅट लावला. मी त्यांच्याच हाताखाली शिकले, परवाना काढला आणि तीस वर्षं रिमुस्की शहरात तेच काम केलं. त्यांचं वाक्य माझ्या कानात घुमत राहिलं, "बंद म्हणजे बंद नव्हे, नोएला. दोन तारांनी वीज येते. एक मेली तरी दुसरी जिवंत असते."

तर त्या डिसेंबरातल्या बुधवारी बाहेर उणे सत्तावीस अंश होतं आणि पापांच्या स्वयंपाकघरात अकरा.

"पापा, घरात अकरा आहे."

"कोण म्हणतं?"

"काटा म्हणतो."

"काटा म्हातारा झालाय. त्याचं काय मनावर घेतेस." त्यांनी पावाच्या तुकड्यावर काकवी ओतली. अंगात दोन स्वेटर, डोक्यावर लोकरी टोपी, आणि बोलताना तोंडातून वाफ. एक्याऐंशी वर्षांचा माणूस स्वतःच्या घरात टोपी घालून न्याहारी करत होता.

"थंडी वाजत नाही?"

"उणे चाळिसात खांबावर चढून तारा ओढल्यात मी. तुला वाजत असेल तर कोट काढू नकोस."

मी कोट काढलाच नव्हता.

दोन आठवड्यांपूर्वी दवाखान्यातून मारीझ नावाची नर्स आली होती. तिनं घरात चौदा अंश मोजले आणि कागदावर लिहून नेले. गुरुवारी दहा वाजता ती पुन्हा येणार होती. घर अठराच्या खाली सापडलं तर पापांना तिथं एकटं ठेवता येणार नाही, असं तिनं माझ्या धाकट्या बहिणीला, मिरेयला, स्पष्ट सांगितलं होतं. मिरेयनं रिमुस्कीच्या वृद्धनिवासात खोली बघून ठेवली होती. खिडकीतून नदी दिसते म्हणे. मी म्हटलं, मला एक दिवस दे. जुने थर्मोस्टॅट बिघडलेत, बाकी काही नाही. मी नवे बसवते.

आणि म्हणून मी पहाटेपासून गाडी हाकत आले होते, मागच्या सीटवर तीन थर्मोस्टॅटची खोकी घेऊन. रस्ताभर वारा शेतांवरून बर्फ उडवत आडवा येत होता, आणि माझा पाय एका जागी ठरत नव्हता.

मी खोलीखोलीतून फिरले. तिन्ही थर्मोस्टॅट तेच होते, मिरेय जन्मली त्या वर्षी पापांनी स्वतः बसवलेले, हस्तिदंतासारखे पिवळे पडलेले, मधोमध एक फिरती चकती. तिन्ही चकत्या अगदी खालच्या टोकाला. बैठकीच्या खोलीतली मी वीसवर नेली. क्षणभरानं भिंतीच्या पायथ्याशी पत्रा टक् टक् वाजू लागला आणि धूळ करपल्याचा वास आला. इथल्या प्रत्येक माणसाला तो वास ओळखीचा असतो. हिवाळा सुरू झाला की घराघरातून येतो. पण त्यात आणखी काही होतं. लोकरीसारखं.

"हा तर चालतोय," मी म्हटलं.

"कधी चालतो, कधी चालत नाही." पापा दारात उभे होते, काठीवर भार देऊन. "लहरी झालाय."

"चकती कोणी खाली आणली?"

"आपोआप येते."

चकती आपोआप येत नाही, हे मला कोणी शिकवलं होतं? त्यांनीच. पण मी ऐकून घेतलं. जे ऐकायचं असतं ते माणूस चटकन ऐकतो.

खिडकीखालच्या भिंतीवर, हीटरच्या बरोबर वर, हातभर उंचीचा एक पट्टा नव्यानं रंगवलेला होता. बाकी भिंत सायीच्या रंगाची, पट्टा तेवढा पांढराफेक.

"हे काय?"

"डाग होता."

"कसला?"

"भिंतीला पडतो तसला. तू थर्मोस्टॅट लावायला आलीस की भिंती तपासायला?"

मी हत्यारांची पेटी उघडली.

तळघराचा जिना उभा आहे. कंबरेच्या ऑपरेशननंतर पापांना तो बंद केलेला. मारीझनं त्यांच्याकडून तसा शब्द घेतला होता, आणि पापा दिला शब्द मोडत नाहीत, असं मी तिला वर सांगितलं होतं. मी खाली गेले. ब्रेकरची पेटी जुनी. प्रत्येक हीटरला दोन दांड्या, दोन तारांच्या दोन, आणि त्या एकत्र पडाव्यात म्हणून पापांनी प्रत्येक जोडीतून एक वाकवलेला खिळा आरपार घातलेला. चाळीस वर्षांपूर्वीची युक्ती. बैठकीच्या खोलीची जोडी मी दोन्ही हातांनी ओढली. दांड्या ताठ झाल्या होत्या, नेट लावावा लागला.

वर येऊन टेस्टर लावला. एक तार गप्प. दुसरीही गप्प.

"दोन्ही?" पापांनी विचारलं. ते आता खुर्ची ओढून माझ्या पाठीशीच बसले होते.

"दोन्ही."

"दोन्ही?"

"दोन्ही, पापा."

त्यांनी मान हलवली.

मी जुना थर्मोस्टॅट काढला. भिंतीतल्या डब्यातून तारा बाहेर ओढल्या. येणाऱ्या दोन, हीटरकडे जाणाऱ्या दोन. जुना एकच तार तोडायचा, नवा दोन्ही तोडतो; ते मी पापांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आता बंद म्हणजे खरंच बंद. शहाणं यंत्र आहे. चहा करतं का?"

"चहा तुम्ही करा."

"घर गरम करायला आलीस ना? तूच कर."

तारांची टोकं सोलली, जोड्या पिळल्या, वर टोप्या घट्ट फिरवल्या, सगळं घडी घालून डब्यात दाबलं. खाली जाऊन दांड्या चढवल्या. वर आले तर छोट्या पडद्यावर आकडा उजळला होता. बारा. मी एकवीस लावला आणि मग ते केलं ज्यासाठी मुद्दाम हा नमुना घेतला होता. बटणं कुलूपबंद केली. आता एकवीसच्या खाली कुणालाच नेता येणार नव्हतं.

"हे कशाला?" पापांचा आवाज बदलला.

"चकती आपोआप खाली येते ना, म्हणून."

हीटर टकटकू लागला. त्यांनी खुर्ची हीटरपासून लांब सरकवली. मग उठून हीटरसमोर उभे राहिले, वाकून त्याच्या माथ्यावरून हात फिरवला, जसं कुणी टेबलावर काही राहिलंय का बघतं. पुन्हा बसले. पुन्हा उठले.

"पापा, बसा की."

"बसलोय."

अकरा वाजता मिरेयचा फोन आला.

"किती आहे?"

"चौदा. वर जातंय."

"आणि तू गेल्यावर?"

"मी कुलूप लावलंय."

"कुलूप. वा." ती थोडं हसली, ते चांगलं हसणं नव्हतं. "नोएला, एक सांग. हे तू पापांसाठी करतेस की आईसाठी?"

"त्यात फरक काय?"

"आईनं जाताना तुझ्याकडून शब्द घेतला. माझ्याकडून नाही. त्यांना घरातून हलवू नकोस, म्हणाली. ती गेली त्याला चार वर्षं झाली. ते घर तेव्हा दोघांचं होतं."

"तुला खोलीचं लवकर कळवायचंय, म्हणून तू..."

"मला रात्री झोप येत नाही, म्हणून मी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पापा बशीतली काकवी पावानं पुसत होते. त्यांनी किती ऐकलं कोण जाणे. आईच्या त्या शेवटच्या दिवशीही ते असेच दारात उभे होते, टोपी हातात धरून, जसे चर्चमध्ये उभे राहतात. शब्द मी दिला, पण ऐकला दोघांनी होता.

शयनगृहातला थर्मोस्टॅट बसवायला घेतला तर डबा फुटका निघाला. नवा हवा होता. गावात गोंझागचं हार्डवेअरचं दुकान आहे, पेट्रोलपंपापलीकडे. मी पापांना म्हटलं, वाटाण्याचं सार गरम करून घ्या, मी आलेच.

दुकानात गोंझाग गल्ल्यावर कोपर टेकून रेडिओवर हॉकीच्या गप्पा ऐकत होता. त्याच्या दुकानात पापांच्या उधारीपेक्षा त्यांचे विनोद जास्त शिल्लक आहेत, असं तो नेहमी म्हणतो.

"फिलेमोंच्या घरात हात घातलास? त्यानं घालू दिला?"

"मागे बसून तपासतायत."

"मग बरोबर." त्यानं डबा काढून दिला. "आणि रंग पुरला का त्याला?"

"कुठला रंग?"

"गेल्या महिन्यात पांढऱ्याचा छोटा डबा नेला. म्हटलं, एवढ्याशा डब्यात काय रंगवणार? तर म्हणाला, पाप." गोंझाग हसला. "आणि धूर झाला की वाजणाऱ्या दोन घंट्या नेल्या. छतावर लावायच्या. एका माणसाला दोन."

मीही हसले. गाडीत बसल्यावर हसू उतरलं. चावी फिरवली तरी थोडा वेळ निघालेच नाही.

घरी पोचले तेव्हा तीन वाजत आले होते. दार उघडलं आणि गारवा तोंडावर आला, बाहेरच्यासारखा धारदार नाही, साठलेला. पापा बैठकीच्या खोलीत आरामखुर्चीत, पांघरूण गुडघ्यांवर. थर्मोस्टॅटचा पडदा काळा.

"हे कधी गेलं?"

"काय?"

"पडदा. हीटर."

"गेलं असेल. मी झोपलो होतो."

तीस वर्षांत मी अशी किती यंत्रं बसवली असतील. आणि नेमकं याच भिंतीवर, याच दिवशी. जोड सुटला असणार, माझ्याच घाईनं. उद्या दहा वाजता मारीझ येणार, आणि मी पापांच्या डोळ्यांदेखत एक थर्मोस्टॅट धड लावू शकले नाही. कोट न काढताच मी झाकण ओढलं, यंत्र डब्यातून बाहेर खेचलं. पडदा काळा म्हणजे ब्रेकर उडाला, ब्रेकर उडाला म्हणजे वीज नाही, इतकं सरळ. तारेवरची टोपी फिरवायला मी दोन बोटं पुढे केली.

"नोएला. हात काढ."

मी थबकले. असा आवाज मी लहानपणी एकदाच ऐकला होता, शिडी घसरताना.

"टेस्टर लाव," पापा म्हणाले. पांघरूण खाली पडलं होतं, ते अर्धे उभे होते, काठीशिवाय.

मी टेस्टर लावला. लाल तारेवर तो गप्प राहिला. काळ्या तारेवर किंचाळला.

एक तार मेलेली, एक जिवंत.

मी पापांकडे बघितलं. पापा खिडकीबाहेर बघत होते, जिथं वाऱ्यानं कुंपण पुसून टाकलं होतं. आम्ही दोघंही वायरमन. ब्रेकर स्वतः उडाला तर खिळ्यामुळे दोन्ही दांड्या पडतात. एकच दांडी पाडायला माणसाचा हात लागतो, आणि एक दांडी पडल्याचं न बघता ओळखायला तोच हात लागतो.

"मी खाली जाऊन येते," मी म्हटलं.

ते वाकून पांघरूण उचलू लागले.

जिन्याच्या पायऱ्यांवरच्या धुळीत काठीच्या टोकाचे गोल ठसे होते. एकेका पायरीवर तीन-तीन, चार-चार. किती वेळ लागला असेल त्यांना. सकाळी मी घाईत उतरले होते, मला दिसले नव्हते की तेव्हा नव्हतेच, आता सांगता येणार नाही. ब्रेकरची पेटी उघडी होती. बैठकीच्या खोलीच्या जोडीतला खिळा काढून पेटीच्या माथ्यावर ठेवलेला. एक दांडी खाली, एक वर. दोन्ही एकदम ओढायला त्यांच्या बोटांत आता जोर नव्हता. म्हणून खिळा काढला आणि एक ओढली. दुसरी ओढायची राहिली, की ओढवली नाही. ज्यानं अख्ख्या गावाला सांगितलं की बंद म्हणजे बंद नव्हे, तोच ही पेटी अर्धी जिवंत ठेवून जिना चढला होता.

पेटीच्या शेजारच्या फळीवर पांढऱ्या रंगाचा छोटा डबा होता. त्याच्यावर एक जुनं वर्तमानपत्र, त्याच्याआड आईचे मिटन, चारी बोटं एकत्र झाकणारे हातमोजे. लाल लोकरीचे, मनगटाशी पांढरे तारे. आईनं स्वतः विणलेले. एका मिटनचा तळवा करपून तपकिरी झाला होता, बोटानं दाबला तर चुरा झाला. सकाळी मला जो वास आला तो इथं होता.

इथं कोण मिटन हीटरवर वाळत घालत नाही? बर्फातून आलं की सगळ्यांचे मिटन हीटरच्या माथ्यावर रांगेत. आई दर अर्ध्या तासानं येऊन उलटायची, ओरडायची, "घर पेटवायचंय का तुम्हाला?" उलटणारं माणूस गेलं, सवय राहिली.

मी तिथे किती वेळ उभी होते, ठाऊक नाही. मनात दोन गोष्टी येरझारा घालत होत्या. पहिली सोपी होती. खिळा पुन्हा घालायचा, दांड्या चढवायच्या, पेटीला कुलूप लावायचं, किल्ली घेऊन जायचं. उद्या दहा वाजता घरात एकवीस अंश. मारीझ लिहून नेईल. शब्द राखला जाईल. मिटन मी कोटाच्या खिशात घालीन, आणि मी ते पाहिले हे कुणाला कळणार नाही. पापांनाही नाही.

दुसरीचं मला नाव सुचत नव्हतं. ती फक्त पायात होती, एका जागी ठरू देत नव्हती.

मी खिळा दोन्ही दांड्यांतून आरपार घातला. नेट लावून दांड्या चढवल्या. वर यंत्र तारांवर लोंबत होतं, त्याचा पडदा खुर्चीतून दिसला असता. मी मान वर केली. फळ्यांच्या फटीतून बैठकीच्या खोलीतला उजेड बारीक रेघांनी खाली येत होता. चार वाजायला आले होते. रेघा पिवळ्या पडल्या होत्या.

"पेटला?" मी ओरडून विचारलं.

वर काही नाही.

"पापा. पेटला का?"

फळी करकरली. काठी नाही, पाय. एक, मग दुसरा. ते बरोबर माझ्या डोक्यावर येऊन थांबले. एक रेघ विझली.

"पेटला," पापा म्हणाले.

मला पुन्हा विचारायचं होतं. दोनदा विचारायचं असतं. पण माझं लक्ष हातात होतं, मिटनचा चुरा बोटांना चिकटत होता.

"नोएला."

"हं."

"फळीवरचं सापडलं तुला."

"सापडलं."

वर हीटरचा पत्रा टकटकत होता. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, मला त्यांचा. आमच्या घरात बोलणं नेहमी फळ्यांतूनच बरं झालं.

"रोज वाळत घालायचो. माझ्याबरोबर तिचेही. नुसते ठेवायचे म्हणून." ते थांबले. "त्या दिवशी झोप लागली. उठलो तर खिडकीच्या पडद्याची कड जळत होती. मी पांघरुणानं झोडपली. भिंत काळी झाली."

"मला फोन का नाही केलात?"

"तू तिला शब्द दिलास. मी दारात उभा होतो." फळी पुन्हा करकरली. "तू एवढी गाडी हाकत येतेस, भांडतेस मिरेयशी, त्या नर्सबाईशी. मी कसं सांगू. म्हटलं, हीटरच नको. थंडी सोसता येते. थंडीत माणूस जागा तरी राहतो."

मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. काठीच्या एका ठशावर.

"उद्या ती आली की मी सांगेन तिला," मी म्हटलं, "की घर एकवीसवर आहे. वाटलं तर मी इथं येऊन..."

"नोएला," ते मध्येच म्हणाले, आणि त्यांचा आवाज फळ्यांतून इतका खाली आला की जणू ते गुडघ्यांवर बसले होते. "मला इथं एकट्याला भीती वाटते, पोरी. मला घेऊन चल."